हवेतून आणि हाडातून

दोन सीट, कापडी छत, फायबरचं लाल अंग.
लाल फक्त आरसी बुकात;
बाहेर तिचा रंग आता
बरणीच्या तळाला उरलेल्या खारासारखा.
सव्वीस वर्षांची आहे. वडाळ्याच्या आरटीओने
तिला आणखी पाच वर्षं लिहून दिलीत,
मला तेवढंही कुणी लिहून दिलेलं नाही.

चेंबूर ते परळ, रोज.
हौसेची गाडी रविवारी काढायची असते,
असं सोसायटीचे करंबेळकर सांगतात.
माझ्याकडे दुसरी गाडी नाही.
आणि रविवारी ती ग्लॅडविनकडे असते.

स्पीडब्रेकरवर मी तिला तिरपी घेते,
आधी एक चाक, मग दुसरं,
निऱ्या सावरून होडीत उतरणाऱ्या बाईसारखी.
तरी खाली काहीतरी घासतंच.

सिग्नलला शेजारच्या बसचं चाक
माझ्या कानाच्या उंचीवर.
बाइकवरचा पोरगा वाकून विचारतो,
मॅडम, किती पळते?
सायन सर्कल, सकाळचे नऊ.
मी म्हणते, एकशे चाळीस.
काट्याच्या तबकडीवर तसं छापलंय, इतकंच खरं.

मी बघत असते दुसरा काटा.
तो नव्वदच्या पुढे सरकला
की भर एप्रिलात हीटर लावते,
इंजिनाचा ताप स्वतःच्या अंगावर घेते.
दवाखान्यात पोचल्यावर मृण्मयी
काही न विचारता टॉवेल पुढे करते.

मी कान तपासते. तेच माझं पोट.
काचेची खोली, हेडफोन,
आवाज आला की बटण दाबा.

कलिन्यात चर्चमागे ग्लॅडविनचं गॅरेज.
फॅन व्हॅनचा, क्लचची केबल कुठल्या टेम्पोची,
कुर्ल्यात अर्धा दिवस फिरून आणलेली.
"बाय, चालू कर."
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर,
मूठ कानामागच्या हाडावर.

कानाला नाही. कानामागे.
चौदा वर्षं बघतेय, त्या रविवारी दिसलं.

मी मागून हाक मारली, हळू.
वळला नाही.
जरा मोठ्याने. तरी नाही.
टॅपेटमधली केसाएवढी फट मात्र
त्याने तेवढ्यात पकडली होती.

मंगळवारी त्याला काचेच्या खोलीत बसवला.
नखांतलं ग्रीस दिसू नये म्हणून
एक हात मांडीखाली, दुसऱ्यात बटण.
आलेख आला:
हवेतून साठ डेसिबलला,
हाडातून दहाला, लहान मुलासारखं.
पडदे फाटलेले, दोन्ही.
"विहिरीत सूर मारायचो ना. कान वाहायचा.
आई बोलली, वाहून वाहून थांबेल."

म्हटलं, पडद्याला ठिगळ लावतात आता,
तू ट्यूबला लावतोस तसं.
तो विचारात पडला.
"मग सगळं ऐकू येणार? हॉर्न पण?"
हॉर्न पण.
"बघू. नाताळ होऊ दे."

फी मी घेतली नाही.
पुढच्या रविवारी वॉटर पंपाचं बिल:
सहा हजार चारशे, मजुरी धरून.
एक रुपया सोडला नाही.
का कोण जाणे, मला बरं वाटलं.

काल अमर महलखाली वीस मिनिटं अडकले.
छत उघडं, सगळीकडून हॉर्न.
कपाळाची कड काचेच्या चौकटीला टेकवली
आणि दात किंचित मिटले.
शहर बाहेर राहिलं.
आत पंप, पट्टा, बेअरिंग, आपापल्या पट्टीत;
आणि त्यांच्या खाली, फार खाली,
एक टिकटिक, नवी.
अजून कुणाला माहीत नाही.

आज बुधवार.